स्फटिक फिरवायला कोणी सांगितलं

मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकांनी मला फसवलं. माझ्या डब्याचे पैसे चोख दिले आणि माझी अक्कल फुकट नेली.

नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट. भिवंडीत माझं लेथचं वर्कशॉप होतं. मी आठवी नापास. लूमचे सुटे भाग बनवत बनवत स्वतःच्या तीन मशिनी उभ्या केल्या होत्या. सरांना मुंबईचे भाव परवडेनात, म्हणून ते माझ्या दारात आले. त्यांना स्टीलचा एक डबा हवा होता, ज्यातली सगळी हवा काढून घेता येईल. आत लोखंड तापवून त्याची वाफ करायची आणि ती मॅग्नेशियम ऑक्साइडच्या नखाएवढ्या चौकोनी स्फटिकावर बसवायची. थर इतका पातळ, की अणूंचे जेमतेम दहा-बारा पदर. असा थर चुंबक होतो तो कसा, हे त्यांना बघायचं होतं.

डबा बसवायलाही मीच गेलो. लोखंड तापवायची भट्टी स्फटिकाच्या बरोबर समोर यायला हवी होती, पण तिथे एसीचा पाइप आडवा आला.

"थोडी तिरकी लावा हो," सर म्हणाले. "वाफेला सरळ काय नि तिरकं काय."

पाइप हलवायचा तर वर अर्ज करावा लागला असता. मी तिरकी लावली.

काही महिन्यांनी पंप दुरुस्त करायला गेलो तर सर हवेत होते. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या बाईंनी मला कारण सांगितलं. लोखंडाचा हा थर एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांना सारख्याच सहजतेने चुंबक व्हायला हवा होता. इथे एकच दिशा सोपी, दुसरी हट्टी. ऑक्साइडच्या पृष्ठभागाचा हा दडलेला गुण आपण शोधला, असं सरांचं म्हणणं.

"प्रत्येक तुकड्यात तीच दिशा?" मी विचारलं.

"हो काका. खिडकीकडची."

"आणि स्फटिक ठेवता कसा?"

"नेहमी एकसारखाच. कोपऱ्यावर खूण आहे ना."

आमच्याकडे कापडात पट्टा पडला, की लूमवाला सुताला शिव्या घालतो आणि सूतवाला लूमला. मग आम्ही सुताचा बीम उतरवून दुसऱ्या लूमवर चढवतो. पट्टा बीमबरोबर गेला तर दोष सुताचा, जागेवर राहिला तर लूमचा. भिवंडीत हमालालाही हे शिकवावं लागत नाही. इथे भिंतभर पदव्या टांगलेल्या आणि नखाएवढा तुकडा फिरवून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"सर, स्फटिक काटकोनात फिरवा आणि पुन्हा थर चढवा," मी सरांना गाठून म्हणालो. "सोपी दिशा स्फटिकाबरोबर फिरली तर तुमचं खरं. खिडकीकडेच राहिली तर ती तिरक्या भट्टीची करणी."

"शेठ, हे अणूंचं काम आहे. लुंग्यांचं नाही."

"मग फिरवायला घाबरता कशाला?"

मी तिथेच सौदा केला. थर चढताना स्फटिक गोल फिरत राहील असा स्टँड मी बनवून देईन, पैसा घेणार नाही. माझं खरं निघालं, तर हे कुणी सांगितलं ते लेखात माझ्या नावानिशी छापायचं. सरांनी हात मिळवला. बाई समोर होत्या.

स्फटिक फिरवला. सोपी दिशा खिडकीकडेच राहिली. माझ्या स्टँडवर फिरत चढलेल्या थरात दोन्ही दिशा सारख्या निघाल्या. हे मला बाईंनी फोन करून सांगितलं. सरांचं बोट फोनपर्यंत पोचलं नाही.

लेख छापून आल्यावर मी गेलो. बाईंनी तो मराठीत सांगितला. 'लेखकांच्या असं लक्षात आलं की,' अशी सुरुवात. शेवटी पंपाचं तेल पुरवणाऱ्या कंपनीचेही आभार होते. माझं नाव कुठेच नव्हतं.

"सर, ठरलं काय होतं?"

"अहो, अशा लेखात वर्कशॉपवाल्याचं नाव घालत नाहीत. लोक हसतील."

"तिरक्या भट्टीवर शोध उभा करत होतात, तेव्हा न्हाय हसले?"

"आवाज खाली."

मी खाली केला नाही. वॉचमनने मला फाटकापर्यंत पोचवलं.

अजूनही भाषणांत सर सांगतात म्हणे, की स्फटिक फिरवावा हे मला एके दिवशी सहज सुचलं. कोणत्या दिवशी, सर? तेव्हा तुमच्याशेजारी कोण उभं होतं? पुढच्या भाषणाला मला आणि त्या बाईंना पहिल्या रांगेत बसवा आणि आमच्याकडे बघून याचं उत्तर द्या.