यादीतलं पाचवं नाव

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. सभेत नाही, घरी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या बाईला तर नाहीच. आमच्या चळवळीचं पत्रक तुमच्या हातात कधीतरी पडलं असेल – ‘तपासणीच्या दिवशी मुलं लपवणाऱ्या शाळांना जाब विचारा!’ मजकूर माझा. त्यात एक ओळ आहे : ‘अजमानच्या एका शाळेत शिक्षिकांना जबरदस्तीने मुलं वर्गाबाहेर काढायला लावली.’ या ओळीला सांगलीत टाळ्या पडतात. जबरदस्तीने – थांबा, तिथेच येते आहे.

दोन वर्षं मी दुबईशेजारच्या त्या शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवलं. शाळा कसली, शोरूम! दारात प्लास्टिकची हिरवळ, भिंतीवर ‘एव्हरी चाइल्ड शाइन्स’. तपासणीची तारीख लागली की तालमी सुरू. उत्तर येत असेल तर उजवा हात वर, येत नसेल तर डावा. म्हणजे तपासणीच्या साहेबांना सगळेच हात वर दिसतात, आणि बाईंना कळतं कुणाला विचारायचं नाही. हे मी मुलांकडून चार दिवस घोटून घेतलं. दात-ओठ खात – पण घेतलंच ना?

श्रावणी चिपळूणहून नुकती आली होती. तिची आई कामगारांना डबे करून द्यायची. बाकीची मराठी मुलं माझ्याशीही इंग्रजीतच बोलायची. ही व्हरांड्यात हाक मारायची, ‘ओ बाई!’ तपासणीसाठी तिने एक वाक्य बसवलं होतं. दुबईच्या बर दुबई भागात आईबरोबर होडीतून खाडी ओलांडली होती, त्याचं. ‘ऑन संडे आय क्रॉस्ड द क्रीक इन ॲन अब्रा.’ आठ दिवस घोकलं. चुकत नव्हतं – हे नीट लक्षात ठेवा. चुकत नव्हतं.

तपासणीच्या सकाळी सुपरवायझर बाई चिठ्ठी घेऊन घाईघाईने आल्या. ‘मॅडम, ये चार बच्चे आर्ट रूम में. यल्ला, यल्ला!’

चार नावं. श्रावणीचं त्यात नव्हतं.

पाचवं नाव मी लिहिलं. माझ्या पेनाने.

का? ती अडखळायची म्हणून? नाही. ती इंग्रजी बोलली की मी बोलल्यासारखी वाटायची. तोच हेल, शब्दावर तोच दाब, जो मी रोज आरशासमोर उभी राहून घासून काढत होते. मला भीती वाटली – साहेब तिचं ऐकतील आणि मग माझ्याकडे बघतील. आठ वर्षांच्या पोरीला मी एवढ्यासाठी बाहेर काढलं. ती चटकन उठली. तिला वाटलं, काहीतरी आणायला पाठवतेय.

आणि मग तो तास! इतका चांगला दिवस मला पुन्हा मिळाला नाही. मुलं फुलली होती. एकीने उंट चालून दाखवला, साहेब खो खो हसले, मीही हसले. मनापासून. अर्धा तास मला श्रावणी आठवलीसुद्धा नाही. ‘माशाल्ला, बेस्ट लेसन,’ सुपरवायझर बाई म्हणाल्या, आणि मला आवडलं.

शाळा सुटताना तिची आई फाटकाशी उभी. ‘काय मग बाई, बोलली का आमची? घरात नुसता उच्छाद मांडलान होता त्या होडीचा.’ माझ्याकडे खोटं तयार होतं – पोट दुखत होतं, नर्सकडे झोपवलं. मी तोंड उघडलं, पण श्रावणी माझ्याआधी बोलली.

‘बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.’

आई माझ्याकडे बघत होती. श्रावणी बघत नव्हती, चपलेच्या टोकाने वाळू उकरत होती.

‘छान बोलली,’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईने नारळाच्या वड्यांचा डबा पाठवला. मी स्टाफरूममध्ये वाटल्या. दोन खाल्ल्या. श्रावणीने मला पुन्हा ‘ओ बाई’ म्हणून हाक मारली नाही. ‘येस मॅम’ म्हणायला शिकली. वर्षाच्या शेवटापर्यंत, कुठलाही प्रश्न असो, तिचा डावा हात वर असायचा.

पत्रकातली ती ओळ मी सहा वर्षं छापते आहे. सुपरवायझर बाईंना मी स्टेजवरून शिव्या घातल्या आहेत, त्यांच्या चार नावांसाठी त्या त्यांना लागूही आहेत. पाचव्या नावासाठी माझ्यावर कुणीही जबरदस्ती केली नव्हती. चिठ्ठीत त्या नावाखाली मी रेघही ओढली होती, वाचताना सुटू नये म्हणून.