सध्या फक्त उंदरांत

संघमित्रा आठवीत होती तेव्हा तिने घरचा गॅसचा लायटर खोलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बाई, यात सेल नाही, वायर भिंतीला नाही. मग ठिणगी येते कुठून?" मी सांगितलं, आत एक स्फटिक असतो, त्याच्यावर जोराचा दाब पडला की वीज तयार होते. दुसरी असती तर मान हलवून गेली असती. हिने विचारलं, "कसलाही दाब चालतो? आवाजाचासुद्धा?"

उभं आयुष्य विज्ञान शिकवलं मी. असा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. लायटर मात्र परत जुळला नाही. आठवडाभर तिच्या आईने काडेपेटीवर स्वयंपाक केला आणि मला शिव्या घातल्या.

त्याच प्रश्नावर तिने पीएचडी केली. तिचं काम मीच सांगते, बातम्यांत ते धड येत नाही. तसल्याच स्फटिकाचे कण, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, कॅन्सरच्या गाठीत सोडायचे. मग सोनोग्राफीत असतात तशा, कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी बाहेरून नेमक्या तिथे रोखायच्या. लहरींनी कण दाबले जातात, त्यांच्यावर वीज तयार होते, आणि त्या विजेमुळे भोवतालच्या पाण्यातून असे जहाल रेणू निघतात की गाठीच्या पेशी मरतात. जिथे लहर, तिथेच मारा. उंदरांच्या गाठी आक्रसल्या. तिचा शोधनिबंध छापून आला.

झालं! डिलाईल रोडची आमची अख्खी चाळ हवेत. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र, त्याला निमित्तच हवं असतं. रविवारी सत्कार ठरला. फाटकावर फ्लेक्स लागला, वर तिचं पूर्ण नाव आणि खाली: 'चाळीच्या कन्येचा कर्करोगावर विजय!' मीही हिंदमाताला जाऊन नवी साडी घेतली, खोटं कशाला बोलू.

शनिवारी संघमित्रा माझ्याकडे चहाला बसली होती, तेवढ्यात शेजारची कमल आत आली. कमलला स्तनाचा कॅन्सर. परळला केमो चालू होती, अर्धी झाली होती, अर्धी बाकी होती.

"मंगळवारी मी काय जावचंय नाय," ती म्हणाली. "त्या केमोन तोंडाची चव गेली, केस गेले. आता आपल्या घरचाच औषध आसा मा."

"मावशी, ते अजून माणसांना दिलेलं नाही. फक्त उंदरांना."

"मग माका उंदीर समज नि टोच!"

मी हसले. कमल हसत नव्हती. "फाटकावर लिवलंय ता काय खोटा?" एवढं बोलून ती निघून गेली.

संघमित्राने चहा तसाच ठेवला आणि थेट हितेंद्रला गाठलं. मीही मागोमाग गेले. तिचा बाप राजरत्न तिथेच खुर्च्या मोजून घेत होता.

"फ्लेक्सवर उंदरांचं लिहा," ती म्हणाली.

"सत्काराच्या फ्लेक्सवर उंदीर? अगं, काळाचौकीपर्यंत लोक हसतील आपल्याला!"

"हसू देत. मावशी केमो सोडायला निघालीय."

राजरत्न हळूच म्हणाला, "आपलं नाव या फाटकावर लागायला किती वर्षं गेली, पोरी. एक दिवस राहू दे."

"पप्पा, नाव राहू दे. विजय झाका."

तरी स्टूल आणलं ते राजरत्ननेच. पांढऱ्या कागदाची पट्टी तिने लिहिली आणि बापाने बरोबर 'विजय'वर चिकटवली: 'सध्या फक्त उंदरांत'. हितेंद्रने कपाळाला हात लावला.

रविवारी शाल घ्यायच्या आधी ती माईकपाशी गेली. पर्समधून लायटर काढला. टक! "मी एवढंच केलंय. हा लायटर फार फार बारीक केलाय आणि आवाजाने दाबलाय. उंदरांत तो पेटला. माणसात पेटेल का, त्रास देईल का, मला माहीत नाही. तपासायला वर्षं लागतील."

पहिल्या रांगेतून कमल उठली. "मग माझा काय?"

"तुझं औषध माणसांवर तपासून झालंय, मावशी. माझं नाही. उंदीर माझ्याकडे पुष्कळ आहेत. तू एकच आहेस."

कमल तरातरा निघून गेली. सोमवारभर तिचं दार बंद. संघमित्राने दोनदा वाजवलं, आतून फक्त टीव्ही मोठा झाला.

माझ्या वर्गातून डॉक्टर निघाले, मोठमोठे साहेब निघाले. कुणी विचारलं तर मी नाव हिचं घेते. शोध लागला म्हणून नव्हे. आपल्याच कौतुकाच्या फ्लेक्सवर जिने पट्टी मारली, ती माझी विद्यार्थिनी.

मंगळवारी सकाळी मी गॅलरीत उभी होते. कमलचं दार उघडलं. डोक्याला रुमाल, हातात फाइलची पिशवी.

"गो उंदरांच्या डॉक्टरणी!" अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ती ओरडली. "टॅक्सी काय मी बोलावू?"

संघमित्रा चपला अडकवत धावली. फाटकाशी कमल थांबली. पट्टीचं एक टोक सुटून फडफडत होतं. तिने ते अंगठ्याने दाबून नीट बसवलं, आणि दोघी टॅक्सीत बसल्या.