जहाजवाल्या शेतातलं झाड

कुसुमकाकू वैरागडे यांना पत्ता विचारला तर त्या तो तोंडी सांगत नाहीत. कागद घेतात, आधी उत्तरेचा बाण काढतात आणि मग भोपाळच्या सोनागिरी वसाहतीतल्या आमच्या गल्ल्या एकेक करून मांडतात. गॅस सिलिंडर आणणाऱ्यालाही त्यांनी असा नकाशा करून दिलाय.

छप्पन साली सरकारी कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या, तेव्हा काकूंचे वडीलही कचेरीबरोबर इकडे आले. काकू तेव्हा तीन वर्षांच्या. एकविसाव्या वर्षी त्या जमिनींच्या नकाशांच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागल्या. काम सांगायला सोपं. गावाचा जुना, जीर्ण झालेला नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कापड ताणायचं आणि प्रत्येक बांध, विहीर, पायवाट शाईनं जशीच्या तशी उतरवायची. हे त्यांनी एकोणचाळीस वर्षं केलं.

"माझी एकही शीट चुकली म्हणून परत आली नाही," असं त्या भाजीचा भाव सांगावा तसं सहज सांगतात. त्यांचे यजमान शंकरकाका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "आली असती तर आम्हाला कळलं असतं. महिनाभर जेवण मिळालं नसतं."

मी त्यांच्या समोरच राहते. गेल्या ऑक्टोबरात पुण्याहून माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा, ऋतुजाचा फोन आला. तिचे आजोबा महायुद्धाच्या काळात विमान चालवायला शिकत होते. एका सरावाच्या उड्डाणात त्यांचं विमान भोपाळजवळ पडलं. आजोबा वाचले, पुढे विमा कंपनीत नोकरी करून नव्वदी गाठून गेले. आता ऋतुजाच्या आईला, सुधामावशींना, त्यांची उड्डाणांची नोंदवही सापडली होती. त्यात इंग्रजीत चार ओळी होत्या. तीन फेब्रुवारी चव्वेचाळीस. इंजिन बंद पडलं. भोपाळच्या पूर्वेला अकरा मैल, हरभऱ्याच्या शेतात उतरलो. विमान मोडलं, मी ठीक.

"आईला ती जागा बघायचीय," ऋतुजा म्हणाली. "वैशाली, तू तिथेच आहेस. जरा विचारून बघशील?"

ऐंशी वर्षांपूर्वी पडलेल्या विमानाबद्दल कुणाला विचारणार? मी काकूंना विचारलं.

"भोपाळच्या पूर्वेला म्हणजे नेमकं कुठून?" काकूंनी चष्मा चढवला. "विमानतळापासून की शहरापासून?"

त्यांनी कंपास काढला. विमानतळापासून अकरा मैल मोजले तर कंस आनंद नगरमधून गेला. शंकरकाका खूश झाले. "म्हणजे आमच्या कारखान्याच्या जवळच पडलं की. आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

दोन रविवार आम्ही आनंद नगरात घालवले. मी गाडी चालवायची, काकू जुनी माणसं शोधून विचारायच्या, आणि काका एका काठीला लोहचुंबक बांधून मोकळ्या प्लॉटवर फिरायचे. त्यांना एक नाल, ट्रॅक्टरचे दोन नट आणि कुणाच्या तरी गेटची कडी मिळाली. गेटची कडी त्यांनी मालकाला परत केली. विमानाबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

मग काकूंनी दुसरा कंस काढला, जुन्या शहरापासून. तो रायसेन रोडच्या पुढे नांदनखेडी नावाच्या गावावरून गेला. "हे गाव मी उतरवलंय," काकू म्हणाल्या. "एक्याऐंशी साली."

तिसऱ्या रविवारी आम्ही नांदनखेडीला पोचलो. पहिल्याच घरासमोर देवीसिंह नावाचे साठीचे शेतकरी खाटेवर बसले होते. मी विचारलं, इथे कधी विमान पडलं होतं का?

"जहाज़? पड़ा था ना," ते म्हणाले, जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट. "हमारे ही खेत में. जहाज़वाला खेत बोलते हैं उसको सब."

मी काकूंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. देवीसिंहांनी लगेच घरातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नकाशाची झेरॉक्स आणली. बाहेरून कुणी नीटनेटकं माणूस आलं की त्यांना ती दाखवायची सवय असावी, कारण त्यांची एक जुनी तक्रार होती.

"मॅडम, ये देखिए. खेत के बीच में पेड़ बना रखा है. पेड़ वहाँ कभी था ही नहीं. पर हर नया पटवारी आता है, पूछता है, पेड़ किसने काटा? मेरे पिताजी जवाब देते-देते चले गए. अब मैं दे रहा हूँ."

काकूंनी झेरॉक्स हातात घेतली. त्यांचं बोट शेतावरून सरकत कोपऱ्याकडे गेलं. तिथे बारीक अक्षरात 'अनुरेखक', म्हणजे ट्रेसर, असं लिहिलं होतं आणि पुढे 'कु. वै.'

"वैशाली," त्या मराठीत हळूच म्हणाल्या, "हे झाड मी लावलंय गं."

खाटेवर बसून त्यांनी आम्हाला सांगितलं ते असं. भोपाळ संस्थानाचे जुने नकाशे उर्दूत लिहिलेले असत. कचेरीत सिद्दीकीसाहेब नावाचे म्हातारे मुन्शी होते, ते ट्रेसर लोकांना नावं वाचून देत. काकू जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडून उर्दू अक्षरं शिकत, बदल्यात त्यांना भाकरी आणि ठेचा. नांदनखेडीची शीट आली त्या आठवड्यात मुन्शीजी मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. एका शेताच्या मधोमध लाल शाईत एकच शब्द होता. काकूंनी पहिल्यांदाच कुणाची मदत न घेता उर्दू वाचलं. घाईत लिहिलेल्या अक्षरात 'जहाज़' आणि 'झाड़' जवळजवळ सारखेच दिसतात. शेवटच्या अक्षरावर टिंब आहे की छोटी खूण, एवढाच काय तो फरक.

"शेतात जहाज कुठून येणार?" काकू म्हणाल्या. "मी झाड वाचलं, आणि शब्दाऐवजी झाडाची खूण काढली. मुन्शीजी परत आल्यावर त्यांना अभिमानानं सांगितलंसुद्धा, की एक शीट मी एकटीनं वाचली. त्यांनी मला पेढा दिला."

मग त्या देवीसिंहांकडे वळल्या आणि हिंदीत सगळं सांगून म्हणाल्या, "भैया, ग़लती मेरी है. आपके पिताजी से तो अब माफ़ी माँग नहीं सकती."

देवीसिंह आधी गोंधळले. मग असे हसायला लागले की घरातून बायका बाहेर आल्या. "मतलब पेड़ आपने लगाया? मैं तो सोचता था कोई दारू पी के बना गया." शंकरकाकांना ठसका लागला. "तो अब एक असली पेड़ लगा ही देते हैं, मॅडम. झंझट ख़त्म."

"नाही," काकू एकदम मराठीतच बोलल्या, आणि मग हिंदीत म्हणाल्या, "नक्शे के लिए ज़मीन नहीं बदलते. नक्शा बदलेगा."

दुपारी आम्ही शेतात गेलो. हरभरा नुकताच वर आला होता. पिकात पाय ठेवायचा नाही म्हणून काका बांधावरच्या दगडांच्या ढिगाकडे वळले. नांगरताना जे काही निघेल ते पिढ्यान्‌पिढ्या तिथे फेकलेलं होतं. अर्ध्या तासानं चुंबकाला एक बोटभर लांबीची गंजकी वस्तू चिकटली. काकांनी ती रुमालानं पुसली. मधला भाग पितळेचा होता, दोन्ही टोकांना पोलादी स्क्रू.

"हे नांगराचं नाही," ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "एका टोकाला उजवे आटे आहेत, दुसऱ्याला डावे. मधला भाग फिरवला की दोन्हीकडची तार एकदम ताणली जाते. जुनी विमानं लाकूड आणि कापडाची असायची, पंख अशा तारांनी बांधलेले. किती बारीक आटे पाडलेत बघ. ज्यानं केलं त्याचा हात चांगला होता."

त्यांनी तो तुकडा काकूंच्या तळहातावर ठेवला. काकूंनी तो रुमालात बांधून पर्समध्ये घातला आणि परतीच्या वाटेवर ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. मला वाटलं, ती चूक त्यांच्या मनाला लागलीय. पण आनंद नगर आल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, माझी चूक निघाली तर मला झोप लागणार नाही. आणि मला तर भूक लागलीय. गाडी थांबव, पोहे खाऊ."

दुसऱ्या दिवशी त्या नकाशा दुरुस्तीचा अर्ज घेऊन जुन्या कचेरीत गेल्या. मी सोबत होते. खिडकीवरच्या तरुण कारकुनानं अर्ज वाचला. म्हणाला, मॅडम, चूक कोणाची ते लिहायची गरज नसते, नुसतं 'त्रुटि' लिहा. काकू म्हणाल्या, "गरज नसेल, पण माहिती आहे ना. माहिती असेल ते लिहायचं." त्यानं अर्जावर शिक्का मारला आणि उठून त्यांना खुर्ची दिली. दुरुस्ती व्हायला दोन महिने लागले. काकूंनी बारा फेऱ्या मारल्या, आणि प्रत्येक वेळी त्या तिथल्या मुलींना पेन कसं धरायचं ते शिकवून आल्या. खरं तर तिथे आता सगळं कॉम्प्युटरवर होतं.

जानेवारीच्या शेवटी ऋतुजा सुधामावशींना घेऊन आली. हरभऱ्याला घाटे धरले होते. देवीसिंहांनी घरासमोर चूल मांडून मक्याच्या रोट्या आणि वांग्याचं भरीत केलं होतं. त्यांची आई रामप्यारीबाई उन्हात बसली होती. ती याच घरची लेक, देवीसिंहांचे वडील घरजावई म्हणून आलेले. विमान पडलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. तिनं सुधामावशींची हनुवटी धरून त्यांचा चेहरा उन्हाकडे वळवला.

"नाक वही है," ती म्हणाली.

सुधामावशींनी सांगितलं, बाबा नेहमी म्हणायचे, मी शांतपणे विमानातून उतरलो, एका घरी ताक प्यायलो आणि चालत शहराकडे निघालो.

"शांत?" रामप्यारीबाईंना फार मजा वाटली. "काँप रहा था. अम्मा ने बिठाया. पाँच रोटी खाई, फिर रोया, फिर दो रोटी और खाई. अम्मा को चना ख़राब होने का ग़ुस्सा था, पर उसको देख के कुछ बोली नहीं."

सुधामावशी हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "सात रोट्या. आणि आम्हाला जेवताना म्हणायचे, दोनच खा, जडपणा येतो."

काकूंनी रुमाल सोडून तो पितळी तुकडा त्यांना दिला. सुधामावशींनी तो मुठीत धरला आणि दुसऱ्या हातानं पिशवीतून नोंदवही काढली.

रामप्यारीबाईंनी विचारलं, "फिर उड़ा कभी वो?"

"उडाले ना," मावशींनी पान उलटून दाखवलं, जणू त्या बाईंना इंग्रजी वाचता येत होतं. "चौदह दिन बाद."

म्हातारी मान डोलावून सांगू लागली. तिची आई तीस वर्षं, वरून विमान गेलं की हातातलं काम टाकून अंगणात येई आणि विचारी, वही लड़का है क्या? कुणाला काय ठाऊक असणार? मग ती स्वतःच म्हणे, होगा, आणि परत चुलीकडे वळे.

"एखाद्या वेळी बाबा असतीलही," सुधामावशी म्हणाल्या.

देवीसिंहांनी सगळ्यांच्या ताटात गरम रोटी टाकली. मावशींनी नको म्हटलं नाही. जेवण झाल्यावर आम्ही बांधावर बसून घाटे सोलत राहिलो. काका कुणाकडे तरी बिघडलेला पंप बघायला गेले होते, आणि उन्हं उतरेपर्यंत कुणीच उठायचं नाव काढलं नाही.