बाबा, जरा बाजूला

“चल, उजेड चाललाय,” असं म्हणून तो अर्धा चहा तसाच ठेवून उठायचा. आमच्या घरी त्याने कप कधी रिकामा केल्याचं मला आठवत नाही. पायाला भिंगरी लावलेला असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

आम्ही दोघंही पुण्याचे. ऑकलंडच्या फ्लॅट बुश या उपनगरात चार घरं सोडून राहायचो आणि एकाच आयटी कंपनीत नोकरीला होतो. २०१४ पासून मी त्याच्याच गाडीतून जायची. एकदा खाडीवर धुकं दिसलं म्हणून त्याने हायवेच्या मधल्याच एक्झिटला गाडी बाहेर काढली आणि रोलचा जुना कॅमेरा घेऊन चिखलात उतरला.

“अरे, साडेनऊला मीटिंग आहे!” मी ओरडले.

“मीटिंगा काय, हीप्स आहेत, ढिगाने मिळतील,” तो मागे न बघता म्हणाला.

एका रोलमध्ये छत्तीसच फोटो, म्हणून माणसांवर तो फोटो खर्च करायचा नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही नटूनथटून त्याच्यापुढे उभे राहिलो, तर म्हणतो, “जरा बाजूला व्हा.” मग त्याने आमच्या मागच्या खिडकीचा फोटो काढला. आम्ही पोट धरून हसलो होतो.

त्याची आई आधीच गेली होती. पुण्याहून वडील सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा त्याने साठवलेली सगळी रजा काढली आणि त्यांना पाच आठवडे युरोपला नेलं. बरोबर वीस रोल. परत आल्यावर लंचला त्याचं तेच पुराण.

“इथला उजेड कापतो गं. तिथला सायीसारखा मऊ. पण खरं सांगू? एकही शहर धड बघितलं नाही. पोचलो की पुढच्या गाडीची वेळ डोक्यात.”

“आणि बाबा?”

“बाबा मजेत. माझी बॅग सांभाळत बाकावर बसायचे.”

पुढच्या वर्षी बाबा पुण्यात गेले. झोपेतच. हा सगळे दिवस करून परतला आणि एका शनिवारी दुपारी आमच्याकडे आला. हातात वीस कागद आणि भिंग. एकेका कागदावर एकेका रोलचे सगळे फोटो, टपाल तिकिटाएवढे.

“बाबांचा एक फोटो हवाय. तेराव्याला ताईने पासपोर्टचाच मोठा करून ठेवला होता. बाबा त्यात घाबरल्यासारखे दिसतात. यात एखादा असेलच ना?”

“फोनवर नाही काढलास?”

“फोनवर तिकिटं होती. नकाशे होते.”

जेवणाच्या टेबलावर आम्ही कागद पसरले. पूल, गल्ल्या, वाळत घातलेले कपडे, ट्रामच्या तारा. माझ्या मुलीनेही भिंग घेऊन पाहिलं. “काका, देअर्स नोबडी हिअर,” ती म्हणाली. मी तिला डोळ्यांनीच दटावलं.

बाराव्या कागदावर एका चर्चच्या फोटोत, अगदी कडेला, तपकिरी स्वेटरची एक बाही होती. कोपरापर्यंत. तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

“इथे मीच म्हणालो होतो, बाबा, जरा बाजूला व्हा. ते बाकावरून लगेच उठले गं. सॉरी म्हणाले मला.”

मला त्याचा संताप आला आणि कीवही. बापाने पोराला सॉरी म्हणायचं, तेसुद्धा चर्चच्या भिंतीसाठी! आमच्या त्या दिवाळीच्या हसण्याचीही लाज वाटली.

तो फोटो त्याने मोठा करून आणला. मग आणखी मोठा. तिसऱ्या वेळी बाहीची लोकर दिसेना, नुसते फिल्मचे दाणे उरले. “आता पुरे कर,” मी म्हटलं. त्याने कागद गुंडाळून ठेवला.

२०१९ मध्ये त्याने नोकरी सोडली, घर विकलं आणि एकटाच पुन्हा युरोपला गेला. फ्लॅट बुशला तो परत आला नाही. त्याच्या घरात आता एक नवं जोडपं राहतं. फोन लागत नाही.

त्याला जाऊन तीनेक महिने झाले असतील, तेव्हा पोस्टाने एक पाकीट आलं. आत एकच फोटो. तेच चर्च, आणि पुढे रिकामा बाक. बाक पूर्ण यावा म्हणून त्याने चर्चचा मनोरा अर्धा कापला होता.