शेजारच्या ब्युरेटवरचे भालेराव काका

माझा लॅब पार्टनर आज सकाळी गेला.
वय साठ.

बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. वाटलं, सर आले.

"बसा, बसा. मी पण फर्स्ट इयरच हाय."

भालेराव काका. पंचेचाळीस वर्षांचे, पाठीवर मुलीची जुनी सॅक. आमची आडनावं एकाच अक्षरानं सुरू होणारी, म्हणून लॅबमध्ये तीन वर्षं माझ्या शेजारी. रोज आले की "जयभीम, पोरी" म्हणायचे. मीही जयभीम म्हणायला लागले.

राहायला दिघीला. भोसरीतल्या एका कंपनीत ऑपरेटर. लोखंडी पार्टवर निकेल चढवायचं काम, वीस वर्षं. सकाळी कॉलेज, दुपारी सेकंड शिफ्ट.

या वयात कशाला, असं मी एकदा आगाऊपणे विचारलंच.

"कंपनीतला लॅबवाला साहेब रोज चिठ्ठी पाठवतो. टाकीत हे दोन किलो टाक, ते चार किलो टाक. का टाकायचं विचारलं तर म्हणतो, तुला कळणार न्हाई. म्हटलं बघू तरी, काय एवढं कळत न्हाई."

आता आमच्या वर्गाची एक पद्धत सांगते.

टायट्रेशन म्हणजे ब्युरेटमधून, आकडे कोरलेल्या काचेच्या उभ्या नळीतून, थेंब थेंब सोडायचं, रंग बदलला की थांबायचं, आकडा लिहायचा. असं तीनदा. एवढा दम कुणाला? हुशार मुलीचं एक रीडिंग यायचं आणि टेबलाटेबलावरून फिरायचं. तिन्ही ओळीत तेच.

ती हुशार मुलगी मीच.

काका कधी घ्यायचे नाहीत. ब्युरेटसमोर गुडघे वाकवून, चष्मा कपाळावर चढवून स्वतःचं वाचत बसायचे. आम्ही हसायचो.

शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. माझ्या हातून थेंबाऐवजी धारच सुटली. फिका गुलाबी यायला हवा होता, गडद झाला. प्रॅक्टिसला दहा पॉइंट दोन यायचं, मी तेच लिहिलं. तीनदा. मागून कुजबुज आली, "किती गं?" मी सांगितलं.

बाहेरून आलेले परीक्षक बारा पेपर बघून काकांसमोर थांबले.

"सगळ्यांचं दहा पॉइंट दोन. तुमचंच आठ पॉइंट सात कसं?"

"जे आलं ते लिहिलं, सर."

"बरोबर लिहिलंत. प्रत्येकाच्या फ्लास्कमध्ये मी वेगळं माप घातलं होतं." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "बाकीचे अकरा नापास."

वर्ष गेलं असतं तर सांगवीला घरचे स्थळांची यादी घेऊन बसलेलेच होते. नोकरीचं नावही कुणी काढलं नसतं.

काका पास झाले होते. गुपचूप निघून गेले असते तरी चाललं असतं.

"सर, आमच्याकडं टाकी बिघडली तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो. शिव्या बसतात. पण दुसऱ्या दिवशी त्याच टाकीवर परत उभं करतात. पोरांना एकदा परत करू द्या."

परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि पाऊण तास दिला.

अकरा पॉइंट नऊ. बारा. अकरा पॉइंट नऊ. मधला वेगळा आला, मी तो तसाच ठेवला.

बाहेर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "पोरी, आकडा आपला नसतो. आपण फक्त वाचायचा."

पुढे त्यांच्याच कंपनीत ते लॅबला गेले. ऑपरेटरला चिठ्ठी पाठवताना खाली कारणही लिहायचे.

मी आता चाकणला क्वालिटी लॅब बघते. "मॅडम, जरा लिमिटमध्ये लिहा ना" म्हणणारे येतातच. मी भांडत नाही. ब्युरेट त्यांच्या हातात देते.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. काका कॉटवरून बीपीचा चार्ट वाचत होते. तीन वेळचं बीपी, तिन्ही ओळीत एकच आकडा.

"ही आपल्या वर्गातली दिसतीय," म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

सिस्टर बिचारी ओशाळली. तिनं परत मोजलं आणि मला दाखवलं. काकांनी तोवर चष्मा काढून ठेवला होता.

"किती?"

आकडा फार वाईट होता. खरं सांगते, चांगला आकडा माझ्या ओठांवर तयार होता. तोच, आधीचा.

मी खरा सांगितला.

त्यांनी मान हलवली. "मग पोरीला हैदराबादहून बोलवून घे. आजच फोन कर."

ती दुसऱ्या दिवशी आली. बापलेकीला चार दिवस मिळाले. भरपूर बोलली दोघं.

आज ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बरं झालं ताई, वेळेत सांगितलंत."

मला रडू आवरलं नाही. पण मान ताठ होती.

काका, जसं होतं तसंच सांगितलं.

जयभीम.