आमच्या राबावरचा ऐन

माझ्या सासूबाईंना मी झाडावर चढताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला हिरवा चुडासुद्धा उतरला नव्हता. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, कमरेच्या आकडीत कोयता, आणि बाई सरसर वर. मी खालून ओरडले, "आई, उतरा, पडाल." वरून उत्तर आलं, "तू बाजूला हो गो, फांदी पडंल डोक्यात." पुढं कितीतरी वर्षं आमचं बोलणं साधारण याच चालीवर चालत राहिलं.

ते झाड ऐनाचं. आमच्या राबाच्या बांधावर उभं, गावापासून थोडं वर, डोंगराच्या पायथ्याशी. राब म्हणजे काय ते शहापूर-मुरबाडकडं कुणाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तिथं माघ-फाल्गुनात झाडांच्या फांद्या तोडून पसरायच्या. वर शेण, पातेरा म्हणजे वाळका पाला, गवत, थोडी माती. ऊन कडक झालं की सगळं भाजून काढायचं. तणाचं बी जळतं, राख जमिनीला लागते आणि रोप तरारून येतं. या कामाला सगळ्यात चांगला ऐन. त्यामुळं आमच्याकडचे ऐन म्हणजे नुसते उभे खांब, शेंड्याला चार डहाळ्या. दरसाल फुटायचं आणि दरसाल तुटायचं.

सासरे लवकर गेले. फांद्या तोडायला परका माणूस लावणं बाईंना पटेना, म्हणून त्या स्वतःच चढू लागल्या. बाईमाणूस झाडावर चढतं म्हणून गावानं नावं ठेवली. बाई म्हणाल्या, "मग तुमी या चढाया. नाय ना येत? मग गप बसा." त्यांच्या कोयत्याची मूठ सासऱ्यांनी याच ऐनाच्या लाकडाची करून दिलेली होती. घामानं ती काळी गुळगुळीत झाली होती. तो कोयता त्यांच्या हातात असला की मी जरा लांबूनच बोलायची.

मी अंगणवाडीत शिकवते. त्यामुळं गावात काही नवीन निघालं की मला त्यात ओढतात, आणि नाही ओढलं तर मी आपणहून जाते. गावावरचा डोंगर उघडा पडला होता, विहीर फाल्गुनातच तळ दाखवू लागली होती, म्हणून झाडं लावायचं ठरलं. बाहेरून रोपं आली. वाजतगाजत लावली. निम्मी उन्हानं गेली, उरलेली शेळ्यांनी खाल्ली. मग माझे चुलत दीर, जे गावच्या वन समितीचं बघतात, ते म्हणाले, "परक्या रोपांच्या मागं कशाला लागायचं? ऐन आपल्या मातीतला. त्याचंच बी गोळा करू, त्याचीच रोपं करू." सगळ्यांना पटलं. माघात आम्ही बायका गोणी घेऊन निघालो.

दिवसभर हिंडलो. प्रत्येक बांधावर ऐन, प्रत्येक उतारावर ऐन, आणि बी म्हणाल तर एक नाही. संध्याकाळी रिकामी गोणी खांद्यावर टाकून परत आलो तेव्हा पारावरची मंडळी हसून बेजार. हसायला काय जातंय. दरसाल ज्याच्या फांद्या कोवळ्या असतानाच उतरवतात, त्याला फूल कधी यायचं आणि बी कधी धरायचं? हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गावातले दोन-तीन म्हातारे तर छातीठोक सांगत होते की ऐनाला फूल नसतंच, तो खोडातूनच फुटतो.

माझं माहेर मुरबाडकडचं. तिथं देवराईत मोठाले ऐन आहेत, कोयता कधी न लागलेले. त्यांची फुलं मी लहानपणापासून पाहिलीत. पण देवराईतलं पडलेलं पानसुद्धा कुणी उचलत नाही, तिथं बी कुठल्या तोंडानं मागणार? तेव्हा देवळात सभा बसली आणि भाऊजींनी विषय काढला की घरटी एक ऐन काही वर्षं न तोडता सोडायचा, बियाण्यासाठी. कुणी आढ्याकडं बघतंय, कुणी चटईची काडी उपसतंय. माझा स्वभाव आधीच तापट. आमचे हे ड्युटीवर गेलेले, मला आवरायला कुणी नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमचा राबावरचा ऐन सोडला."

सासूबाई मागं बायकांत बसल्या होत्या. भाऊजींनी तिकडं बघून विचारलं, "काकी, चालंल ना?" बाई उठल्या, पदर सारखा केला आणि घरी निघून गेल्या. माझ्या शेजारची बाई कानात म्हणाली, "आज तुजं काय खरं नाय."

खरं नव्हतंच. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं तेच ऐकलं, "मंग राबाला काय तुजे केस जाळू?"

"पेंढा आहे, पातेरा आहे, शेण आहे. भागवू," मी म्हणाले.

"आनि रोप नाय आलं तर? तुजी सभा येनार लावनीला?"

"आई, त्याला फुलं येतात. मी पाहिलीत."

त्या चुलीसमोरून वळल्या. "ऐनाला कुठं फूल येतं गो? जलम गेला माजा त्याच्यावर चढन्यात, आनि तू मला सांगतेस." कोयता खुंटीला अडकवला आणि म्हणाल्या, "बरं. दाव मला फूल. नाय दावलंस तर मी कोयता लावनार. मंग सभा नाय नि गाव नाय." हे उंबरमाळीला लोकलमधून उतरून घरी आले, दोघींचं ऐकलं, जेवले आणि सकाळी गाडी चुकंल म्हणून झोपून गेले.

तर असं ते फूल माझ्या डोक्यावर बसलं. मी सभेत बोलले त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही, आजही नाही. पण पहिल्या वर्षी रोप विरळ आलं आणि तण माजलं. बाई माझ्या शेजारी बसून तण उपटत होत्या. मला ऐकू जाईल असा एकेक सुस्कारा सोडत होत्या. लावणीपुरतं रोप झालं कसंबसं. पुढच्या वर्षी आम्ही शेण जास्त घातलं, पातेरा लांबून वाहून आणला, आणि जरा बरं झालं.

दर माघात बाई कोयता घेऊन ऐनाखाली जायच्या. मान वर करून बघायच्या. "माजलाय नुसता. कुठं हाय तुजं फूल?" मी म्हणायची, "येईल." त्या नाक मुरडून दुसऱ्या झाडांकडं वळायच्या. ऐन मात्र भरत गेला. फांद्या पसरल्या, दुपारची चांगली सावली पडू लागली. बाई तिथं भाकरी सोडायला लागल्या. मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगायच्या, "फुकट उबा हाय, तर सावली तरी खाते." एकदा मी पाणी घेऊन वर चालले होते, तर बांधापलीकडून त्यांचा आवाज आला. शेजारच्या शेतवाल्यानं आमच्या ऐनाला शिडी लावली होती, राबासाठी दोन फांद्या घेतो म्हणून. बाईंचा त्याच्या खानदानाचा उद्धार करून झाला होता, आणि शेवटी म्हणत होत्या, "माज्या सुनेनं सभेत सांगितलंय. तिचा शबूद हाय त्याच्यावर. उतर खाली." मी तशीच बांधाआड उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं आणि मग खोकत खोकत पुढं झाले, म्हणजे आत्ताच आले असं वाटावं.

जन्मभर झाडावर चढलेली ही बाई पडली ती घराच्या पायरीवरून. खुबा मोडला. शहापूरच्या दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. पडवीत खाट टाकली आणि बाईंचं चालणं संपलं. त्यांचा एकच प्रश्न राहिला. मी राबाकडून आले की विचारायच्या, "आलं का?" मी म्हणायची, "नाही अजून." सुरुवातीला त्यात टोमणा होता. पुढं पुढं टोमणा गेला आणि नुसता प्रश्न राहिला. बाई दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. झाडाला काय, आज नाही तर दोन वर्षांनी फुलेल. बाईंकडं दोन वर्षं नव्हती, हे मला दिसत होतं. मी देवभोळी नाही, पण त्या दिवसांत ऐनाखाली उभी राहून मी हात जोडलेत.

वैशाख सरता सरता एका सकाळी राबाकडं गेले तर झाडाखाली मधमाश्यांचा आवाज. वर बघितलं. पानांमधून फिकट पिवळसर तुरे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी या वयात धावत घरी आले. धाप लागलेली. बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आलं."

भाऊजी म्हणाले, "काकी, एक डहाळी काढून आनतो, हितंच बघा." बाई म्हणाल्या, "मला ने."

आमच्याकडं आजारी माणसाला डोलीत घालून खाली रस्त्यापर्यंत नेतात. त्या दिवशी डोली वर चालली होती. वाटेत भेटेल तो थांबून विचारी, दवाखाना तर खाली आहे ना? बाई आतून सांगत, "फूल बघाया चाललेय." लोक हसत आणि मागं येत. राबावर पोचेपर्यंत अर्धं गाव जमलं, त्यात ऐनाला फूल नसतंच म्हणणारे म्हातारेही होते.

डोली झाडाखाली टेकवली. बाई वर बघत राहिल्या. भाऊजींना वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसेल, म्हणून त्यांनी खालची फांदी वाकवली आणि एक तुरा तोडायला हात घातला. बाईंनी फटकन त्यांच्या हातावर मारलं. "तोडू नको रे मेल्या. बी धरायचंय त्याला."

मग बाईंनी ती वाकवलेली फांदी चेहऱ्याजवळ आणवली आणि बराच वेळ निरखली. "यवढंसंच असतं व्हय गो?" म्हणाल्या. "वास पन काय खास नाय." आम्ही हसलो. त्याही हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे वाहायला लागले. "दरसाल फुलायच्या आदी गाठला मी याला," म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात असा कधी धरला नव्हता. तळव्यावरचे घट्टे तसेच होते.

आश्विनात एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा त्यांनी विषय काढला. आमच्या घरात एक रीत आहे. माणूस गेलं की सरणावर घरच्या झाडाची एक फांदी ठेवतात. सासऱ्यांच्या सरणावर याच ऐनाची ठेवली होती. बाई म्हणाल्या, "माज्या टायमाला ऐनाला हात लावायचा नाय. बी हाय त्याच्यावर."

"आई, असलं काही बोलू नका."

"ऐक तर. घरचं लाकूड पायजे ना? माज्या कोयत्याची मूठ हाय. ती पन त्याचीच."

भाताची मळणी झाली आणि त्या गेल्या. रीतीप्रमाणं घराघरातून लाकडं आली. पुरुषमंडळींनी कुऱ्हाड उचलली आणि सवयीनं वरच्या वाटेला लागली. मी पदर खोचून वाटेत उभी राहिले. "ऐनाला हात लावायचा नाही," म्हणाले. "त्यांनी सांगून ठेवलंय." ह्यांनी माझ्याकडं बघितलं, घरात गेले, खुंटीवरचा कोयता काढला आणि अंगणात बसून दगडानं मूठ ठोकून मोकळी केली. रडत रडत ठोकत होते. भाऊजींनी ती बाईंच्या उजव्या हाताशी ठेवली. कोयत्याचं पातं माझ्याकडं आहे. त्याला नवी मूठ बसवून देतो म्हणून हे मागं लागलेत. मी म्हणते, राहू दे.

माघात ऐनाखाली बी पडायला लागलं. तपकिरी, पाच पंखांचं, हातात घेतलं तर वजन लागत नाही. राब भाजायच्या आधी सगळं वेचून घ्यायला हवं होतं, म्हणून बायका गोळा झाल्या. कुणीतरी तीच गोणी आणली होती. त्यांतल्या दोघी वेचता वेचता म्हणाल्या की यंदा त्यांच्या घरीही एकेक ऐन सोडलाय. माझा हात चालत होता. दुपारपर्यंत गोणी तोंडापर्यंत भरली. मी कंबर सरळ करून उभी राहिले, खाली आमच्या पडवीकडं तोंड केलं आणि हाक मारली, "आई, आलं."

खाट तर केव्हाच उचलली होती. बायका थांबल्या, माझ्याकडं बघू लागल्या. मग एकीनं गोणीचं तोंड बांधलं, मी दुसरा कोपरा धरला, आणि आम्ही ती घरी आणून पडवीत खाटेच्या जागेवर ठेवली.