आखाजीनंतरची भरती

आमच्या पांडेसऱ्याच्या रंगाई मिलमधला भरतीचा साहेब, अविनाश देवरे, स्वतःला माणसांचा मोठा पारखी समजतो. आखाजीच्या सणाला गावी गेलेले कारागीर परतताना दुसरे मिलवाले पळवतात, म्हणून यंदा हा शहाणा स्वतःच चहाची किटली घेऊन लिंबायतच्या बसथांब्यावर उभा राहिला. धुळ्याच्या बसमधून मी आणि धुडकूआबा उतरलो. आमच्या नखांतला रंग बघून त्याने आम्हाला हेरलं. चेहऱ्याकडे बघायची सवय त्याला कधी नव्हतीच.

"असाल त्या भिकार मिलला लाथ मारा," तो म्हणाला. "आमच्याकडे या. पंखा आहे, थंड पाणी आहे."

आबांनी चहा संपवला.

"आम्ही तुमच्याच मिलचे, साहेब. पंखा कधी लावला?"